तक्त्यात नसलेला सोमवार

आमच्या गल्लीत तीन डाएटिशियन आहेत आणि त्यांतला एकही डाएटिशियन नाही. एक बाई प्रोटीन शेकचे डबे विकता विकता बोर्ड लावून बसली. दुसरीने घरबसल्या कसलासा कोर्स केला आणि सर्टिफिकेट फ्रेम करून दारात टांगलं. तिसरा जिमवाला, त्याने तर बोर्डावर स्वतःचाच उघड्याबंब अंगाचा फोटो छापलाय. तिघांकडेही गर्दी असते. माझ्याकडे गर्दी नव्हती, बोर्डही नव्हता, कारण मला खरी डाएटिशियन व्हायचं होतं. आई याला माझा हेकटपणा म्हणायची. तो लहानपणापासूनचा आहे.

खरी म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता मी ते पाढ्यासारखं म्हणते. आधी पदवी, मग आहारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, मग मोठ्या हॉस्पिटलात सहा महिने इंटर्नशिप, आणि हे सगळं झाल्यावर आरडीची परीक्षा. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ती पास झालात की तुमचं नाव नोंदलं जातं आणि नावापुढे ती दोन अक्षरं लावता येतात. एवढं ऐकून झाल्यावर समोरचा हमखास विचारतो, की जेवायचं काय ते सांगायला एवढी परीक्षा कशाला? मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने तर, म्हणजे मुलगी हॉस्पिटलच्या खानावळीत आहे का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, हो, आणि तुमची शुगर वाढलेली दिसते, पोहे जरा बेताने घ्या. ते स्थळ तिथेच संपलं.

आमचं घर नाशिकजवळच्या सायखेड्याचं. दादा शेती बघतो, वहिनी घर बघते, आणि वडील गेल्यापासून आई त्या दोघांवर लक्ष ठेवते. मी शिकायला म्हणून नाशिकला आले ती खोली घेऊन इथेच राहिले. इंटर्नशिप संपल्यावर त्याच हॉस्पिटलने मला ठेवून घेतलं, पण डाएटिशियन म्हणून नाही, असिस्टंट म्हणून. वॉर्डात फिरायचं, ट्रॉलीवरची ताटं तपासायची, मधुमेहवाल्याचं ताट शेजारच्या बेडवर गेलं नाही ना ते बघायचं, नातेवाइकांना तक्ते समजावून सांगायचे. तक्त्याखाली सही मात्र आमच्या विभागप्रमुख मॅडमची. त्या आरडी होत्या. मी आरडीला दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात हुकलं. पार आपटलं तर माणूस नाद तरी सोडतो. थोडक्यात हुकलं की तेही जमत नाही.

या दोन नापासांच्या मधल्या काळात आईच्या किडन्या गेल्या. जुना मधुमेह, दुसरं काही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं डायलिसिस सुरू झालं, माझ्याच हॉस्पिटलात, माझ्या ऑफिसच्या बरोबर खालच्या मजल्यावर. दादा गाडीने आणायचा, वहिनी बरोबर असायची. ज्या धड्यात मी पहिल्यांदा मार खाल्ला होता, तो किडनीच्या आहाराचा धडा आता आठवड्यातून दोनदा समोर बेडवर येऊन पडायचा आणि मला विचारायचा, जेवलीस का गं.

तो धडा सोप्या शब्दांत असा: किडनी चालेनाशी झाली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं, आणि फार साठलं तर हृदय थांबतं. पोटॅशियम कशात असतं? जे जे पौष्टिक म्हणून आपण माणसाच्या घशाखाली घालतो, त्या सगळ्यात. केळं, टोमॅटो, पालक, बटाटा, शेंगदाणे, सुका मेवा, शहाळ्याचं पाणी. म्हणून आमच्या विभागाचा छापील तक्ता आहे. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. आईने आयुष्यात भाजीचं पाणी फेकलं नव्हतं. तिला ते अन्नाची नासाडी केल्यासारखं वाटायचं, पण तिने फेकलं. तक्ता फ्रीजवर लावला. कुणी जेवायला बोलावलं तर पोरीने लिहून दिलंय म्हणून सांगायची आणि घरून आपला डबा घेऊन जायची. मी लिहून दिलेलं नव्हतं, पण मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

तरी मंगळवारचं रक्त खराब यायचं. शुक्रवारी ठीक, मंगळवारी पोटॅशियम वर. दोन डायलिसिसमधलं अंतर मंगळवारी जास्त असतं, त्यामुळे थोडं वर असणारच, असं डॉक्टर म्हणाले. पण हे थोडं नव्हतं. मॅडमनी मला आईचा पूर्ण आहार पुन्हा विचारायला सांगितला. मी विचारला. तक्त्यातला एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मग मी वहिनीला फैलावर घेतलं, भाजी नीट उकळत नसशील, घाई करत असशील. ती बिचारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ताई, मी पाणी फेकते, देवाशपथ फेकते. आईने तिची बाजू घेतली आणि मला म्हणाली की तुझी परीक्षा राहिली म्हणून तू जगावर चिडतेस. ते खरंही होतं.

मग एका मंगळवारी दादाने तिला गाडीतून उचलून आणलं. पाय हलत नव्हते. जीभ जड झाली होती. इमर्जन्सीत ईसीजी काढला तेव्हा कागदावर टोकं उंच उंच उठली होती, आमच्या पुस्तकात आहेत तशी. पुस्तकातलं चित्र मी पाठ केलं होतं. पुढे काय होऊ शकतं तेही पाठ होतं. डॉक्टर इंजेक्शनं मागत होते, सिस्टर धावत होत्या, आणि मी ट्रॉलीचा दांडा धरून उभी होते. मला तिथे काहीही करता येत नव्हतं. कुणीतरी विचारलं, पेशंटने काल काय खाल्लं? आईच बोलली, अडखळत.

"काल कशाचं जेवण? काल सोमवार व्हता. उपास हाय माझा."

डॉक्टरांनी हातातलं काम न थांबवता माझ्याकडे एकदा बघितलं. मला कळायला तेवढाच वेळ लागला. आपल्याकडे उपासाला माणूस जेवत नाही, पण दिवसभर खातो, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? मी त्याच घरात वाढलेय. उपासाच्या दिवशी आमच्या घरात रोजच्यापेक्षा जास्त पातेली घासायला पडायची.

आईला मशीनवर घेतल्यावर वहिनीने बाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. भाजलेली रताळी. शेंगदाण्याचा कूट घातलेली बटाट्याची भाजी. अशक्तपणा येऊ नये म्हणून खजूर. आणि दादा तिच्यासाठी मुद्दाम शहाळं आणायचा, उपासाच्या बाईला थंडावा म्हणून. सगळं प्रेमाने. मी विचारलं, तक्ता बघितला नाहीत का? वहिनी म्हणाली, बघितला की, पण तो जेवणाचा आहे. त्यात उपासाचं कुठे काय लिहिलंय? आणि उपासाचं म्हणजे हलकंच असतं ना ताई?

ती बरोबर बोलत होती. त्यात सकाळ होती, दुपार होती, रात्र होती, पण सोमवार नव्हता. सहा दिवस आई तक्त्याची होती आणि सातव्या दिवशी देवाची, आणि त्या दिवशी तक्त्याला सुट्टी. परीक्षेच्या पुस्तकातही उपासाला पान नव्हतं. मी पूर्ण आहार विचारला होता तेव्हा मी काय जेवतेस म्हणून विचारलं होतं आणि तिने जे जेवते ते सांगितलं होतं.

पण मला वेगळाच प्रश्न पडला. डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईने एकादशी सोडली होती, चतुर्थी सोडली होती. माझ्यासमोर देवाची माफी मागून सोडली होती. मग हे सोमवार कुठून आले? वहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, तुमच्यासाठी. तुम्ही दुसऱ्यांदा नापास झालात ना, तेव्हापासून सोळा सोमवार धरलेत. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून दटावलंय.

मला रडू आलं नाही, राग आला. आईचा, महादेवाचा, परीक्षा घेणाऱ्यांचा, शहाळेवाल्याचासुद्धा. मी जे व्हायला धडपडत होते ते लोकांना अन्नापासून वाचवायला, आणि मी ते व्हावं म्हणून माझी आई रताळी खाऊन मरणार होती.

आई उठून बसती झाल्यावर मी तिला सांगितलं की हे बंद. ती म्हणाली, मधेच सोडत नसतात. मी भांडले नाही. मी माझ्या धंद्याचं डोकं चालवलं. तिच्यासाठी सोमवारचा वेगळा तक्ता केला, माझ्या हाताने, माझा पहिला. भगर चालेल, तीही मोजून. कूट नाही, बटाटा नाही, रताळं नाही, खजूर नाही, शहाळं तर डोळ्यांसमोरही नाही. मॅडमनी तपासला, एक ओळ बदलली आणि म्हणाल्या, चांगला आहे. आईलाही पटला. पहिल्या सोमवारनंतरचं रक्त बरं आलं. मी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा वर. मी फोनवर वहिनीवर ओरडणारच होते, पण आधी विचारलं. भगरच खाल्ली होती. मात्र संध्याकाळी आई नदीकाठच्या महादेवाच्या देवळात गेली होती. तिथे सोमवार धरलेल्या आणखी बायका असतात. नारळ फुटला, पाणी तीर्थ म्हणून तांब्यातून सगळ्यांच्या ओंजळीत आलं, मग केळं, मग खजुराचा प्रसाद. जिचे सोमवार पोरीसाठी, तिला सगळ्यांनी जास्त दिलं. मी आईला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी अचकटविचकट बोलले होते. प्रसादाला नाही म्हणायचं? तो काय खाणं असतो?

इथे माझं शास्त्र संपलं. जेवण तिच्या हातात होतं, उपास तिच्या हातात होता, पण प्रसाद तिच्या हातात नव्हता. देवळात जाऊ नको म्हटलं तर व्रत मोडणार. दादाला सांगितलं, तो म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय, मोजकेच सोमवार राहिलेत, आता तिचं मन मोडू नको. डॉक्टरांनी तिला रागावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हात जोडले. आईने हात जोडले की समजायचं, ती ऐकणार नाही.

मग मी जे केलं ते शुक्रवारी, ती मशीनवर असताना. मुद्दाम, कारण तिथून ती उठून जाऊ शकत नव्हती. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "आई, मी परीक्षा देणार नाही."

ती म्हणाली, "आता फारम भरायची वेळ आली ना?"

"भरणार नाही. कधीच नाही. मला नाही व्हायचं आरडी."

मशीनचं चाक फिरत होतं, नळीतून तिचं रक्त जात होतं, येत होतं. मग तिने मोकळा हात पुढे केला आणि म्हणाली, "घे माझी शपथ."

मी घेतली. तिचा हात गार होता, डायलिसिसच्या वेळी असतो तसा. ती म्हणाली, जे मागायचं तेच नको म्हणतेस, तर देवाला मी सांगू तरी काय. मग तोंड भिंतीकडे वळवलं. पुढच्या सोमवारी ती दुपारी तक्त्यातलं जेवली. मंगळवारचं रक्त चांगलं आलं, त्यानंतरचंही चांगलं आलं. मी तिला आजवर दिलेला हा एकच आहारसल्ला, जो तिने पूर्णपणे पाळला.

एवढ्यावर भागलं असतं. मी खरंच परीक्षा सोडली होती. पण हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने ठरवलं की आहार विभागात यापुढे आरडीच हवेत, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं. मॅडमनी मला बोलावून फॉर्म समोर ठेवला. मी नाही म्हटलं, कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आईच्या बेडजवळ तुला राहायचंय ना? मग भर." त्यांच्या बोलण्यात खोट मला काढता आली नाही. तिच्या मंगळवारांवर लक्ष ठेवायचं तर मला इथे असायला हवं, इथे असायचं तर आरडी हवं, आणि आरडीचं नाव जरी निघालं तरी सोमवार परत सुरू. मी फॉर्म भरला. मॅडम आणि वहिनी सोडून कुणाला सांगितलं नाही. दादाला सांगायचा प्रश्नच नव्हता, त्याच्या पोटात काही राहत नाही.

परीक्षा रविवारी होती. मी शपथ वगैरे मानत नाही, असं मी मैत्रिणींत ऐटीत सांगते. त्या दिवशी सेंटरच्या दारात फोन बंद करायच्या आधी मी वहिनीला विचारलं, आई काय करतेय. अंगणात बसलीये, लसूण सोलतेय, असं ती म्हणाली. पेपर सुटल्यावर पुन्हा विचारलं. झोपलीये. मी वहिनीला म्हटलं, जाऊन बघून ये, श्वास चालू आहे ना. ती जाऊन आली. एवढी घाबरगुंडी माझी आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि पेपर सोपा होता.

मी पास झाले.

मॅडमनी पहिल्यांदाच मला जवळ घेतलं. विभागात पेढे वाटायची तयारी सुरू झाली तेव्हा मी हातापाया पडून थांबवली, कारण खालच्या मजल्यावर बातमी जायला पेढ्याइतका दुसरा चांगला रस्ता नाही. नव्या सहकाऱ्यांना वाटलं, मी साधी राहते. मी भ्यालेली होते. न पावलेला नवस सोडता येतो, पण पावलेला नवस फेडावा लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आईला जर कळलं की मी पास झाले, तर ती म्हणणार, मी अर्ध्यावर सोडलं तरी देवाने दिलं, आता त्याचं देणं बुडवू कसं? ती पहिल्या सोमवारापासून सगळं पुन्हा धरणार, वर उद्यापन करणार, आणि गावातल्या बायका तिला ओंजळ भरभरून प्रसाद देणार. पोरगी पास झालेली आई म्हणून तर आणखी.

मी पंचवटीत एका गुरुजींना गाठून विचारलं, आईचा नवस मुलीने फेडला तर चालतो का. ते म्हणाले, चालतो की, देव कुठे हिशेब धरून बसलाय. देवाचं मला ठाऊक नाही, पण आई धरून बसते. तिने उसनी वाटी कधी दुसऱ्याच्या हाती परत पाठवली नाही. स्वतः नेऊन द्यायची, आणि तीही रिकामी नाही.

आता हॉस्पिटलने मला नवं ओळखपत्र दिलंय. माझं नाव, त्यापुढे ती दोन अक्षरं. तक्त्याखाली सही माझी असते, आणि किडनीच्या प्रत्येक पेशंटला मी सगळ्यात आधी विचारते, तुमचे उपास कोणते, देवळात कधी जाता. मंगळवारी आणि शुक्रवारी जिना उतरताना मी ते कार्ड गळ्यातून काढते आणि एप्रनच्या खिशात घालते.

परवा आईच्या शेजारच्या बेडवर नवीन बाई आल्या. घाबरलेल्या होत्या. आई त्यांना धीर देत होती, की सुयांचं काही वाटत नाही नंतर, सवय होते. मग मी दिसले. आईने त्यांना सांगितलं, ही माझी पोरगी, हिला खाण्यापिण्याचं लय कळतं, हिला विचारत जा. आणि मग आवाज खाली न आणता, माझ्यासमोरच म्हणाली, "हिची एक मोठी परीक्षा ऱ्हायली. माझ्यापायी."

मी त्या बाईंचा तक्ता बघत उभी राहिले. खिशात हात होता. कार्डाचा कोपरा बोटाला टोचत होता. एवढंच काढून तिच्या पुढ्यात धरायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं असतं ते मला माहीत आहे, मी ते रोज डोळ्यांसमोर आणते. आणि त्यानंतरचा मंगळवारही आणते.

त्या बाई झोपल्यावर आईने मला जवळ बोलावलं. पांघरूण नीट करायला सांगितलं. मी करत असताना हळूच म्हणाली, "मी गेल्यावर तरी देशील ना गं?"

मी म्हटलं, "देईन."